हुआन पाब्लो बोनेत

हुआन पाब्लो बोनेत (जन्म : इ.स. १५७३ च्या सुमारास. मृत्यू : इ.स. १६३३, माद्रिद) हे स्पेनमधील एक राजसेवक व ग्रंथकार होते. मूकबधिर मुलांच्या शिक्षणावरील जगातील पहिला छापील ग्रंथ त्यांनी लिहिला. इ.स. १६२० मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात एका हाताच्या बोटांनी दाखवायच्या वर्णमालेची, म्हणजेच करपल्लवीची, चित्रे आहेत. आज अनेक देशांत वापरल्या जाणाऱ्या एकहाती करपल्लवीचे मूळ या वर्णमालेत सापडते.

जीवन
बोनेत यांचा जन्म आरागोन प्रांतात सारागोसा शहरानजीक झाला. त्यांनी काही काळ लष्करी सेवेत काढला. पुढे ते कास्तीलच्या कॉन्स्टेबलचे, म्हणजे राज्यातील एका सर्वोच्च सरदाराचे, चिटणीस झाले. हे पद त्या काळी वेलास्को घराण्याकडे वंशपरंपरेने होते. बोनेत पेशाने शिक्षक नव्हते. या घराण्याच्या चाकरीमुळेच ते मूकबधिरांच्या शिक्षणाकडे वळले.

वेलास्को घराणे
वेलास्को घराण्याला बहिरेपणाचे दुःख नवे नव्हते. सोळाव्या शतकात या घराण्यातील फ्रान्सिस्को आणि पेद्रो या बहिऱ्या भावांना ओन्या येथील मठात पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेडिक्टाइन साधूने लिहायला, वाचायला व बोलायला शिकवले होते. बोलता न येणाऱ्या व्यक्तीच्या हक्कांवर त्या काळच्या कायद्याने बंधने असत. त्यामुळे सरदार घराण्यांच्या दृष्टीने मुलाचे बोलणे हा मायेबरोबरच वारसाहक्काचाही प्रश्न होता.

त्याच घराण्यात पुढे लुईस दे वेलास्को या मुलाची श्रवणशक्ती सुमारे दोन वर्षांच्या वयात गेली. फ्रान्सिस्को व पेद्रो हे त्याच्या आजोबांचे भाऊ. मात्र पोन्से यांचे इ.स. १५८४ मध्ये निधन झाले होते आणि त्यांची पद्धती छापून प्रसिद्ध झालेली नव्हती. लुईसचे वडील इ.स. १६१३ मध्ये वारले. मुलाच्या शिक्षणासाठी विधवा आईने खर्चाची व खटपटीची पर्वा केली नाही. मान्वेल रामीरेस दे कार्रिओन या अनुभवी शिक्षकाला दुसऱ्या एका सरदाराकडून काही काळापुरते मागून आणण्यात आले. ते परत गेल्यावर सुरू झालेले शिक्षण खंडित होऊ नये, म्हणून बोनेत यांनी या विषयात लक्ष घातले.

ग्रंथ व अध्यापनपद्धती
'अक्षरांचे सुलभीकरण आणि मुक्यांना बोलायला शिकवण्याची कला' असा बोनेत यांच्या स्पॅनिश ग्रंथाच्या नावाचा अर्थ होतो. तो राजा तिसरा फिलिप यास अर्पण केलेला आहे. यातील सुलभीकरणाची कल्पना देवनागरी वाचणाऱ्यास सहज समजेल. 'म' या वर्णाचे नाव व उच्चार आपल्याकडे एकच आहेत. स्पॅनिशमध्ये मात्र त्या अक्षराचे नाव 'एमे' आहे. अशी नावे शिकणाऱ्याचा गोंधळ वाढवतात, म्हणून अक्षर दाखवताना केवळ त्याचा ध्वनी शिकवावा, असे बोनेत यांचे प्रतिपादन होते.

विद्यार्थ्याने प्रथम लिखित अक्षरे आणि त्यांच्या करपल्लवीतील खुणा शिकाव्यात आणि त्यानंतर उच्चाराकडे वळावे, असा त्यांनी क्रम लावला. उच्चार भरपूर उजेडात, शिक्षकाचे तोंड स्पष्ट दिसेल अशा जागी शिकवावेत, आणि जिभेची ठेवण दाखवण्यासाठी चामड्याची लवचीक जीभ वापरावी, असे त्यांनी सुचवले. पुढे अक्षरांपासून शब्द आणि शब्दांपासून वाक्ये अशी वाटचाल होते. व्याकरणातील शब्दांचे नाम, क्रियापद व अव्यय असे तीनच वर्ग त्यांनी मानले. बहिऱ्यांना पिंपात शिरून किंवा दरीत नेऊन ओरडायला लावण्यासारख्या क्रूर उपायांचा त्यांनी निषेध केला.

कुटुंबाचा सहभाग
ज्या घरात बहिरे मूल आहे, त्या घरातील वाचता येणाऱ्या सर्वांनी करपल्लवी शिकून तिच्याद्वारेच मुलाशी बोलावे, असा बोनेत यांचा आग्रह होता. शिक्षक दिवसातील काही वेळच मुलाजवळ असतो. उरलेल्या वेळी घर मुके राहिले, तर शिकवलेली भाषा मुलाच्या अंगवळणी पडत नाही. मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनी अशा प्रकारे आईवडील, भावंडे व नोकरचाकर यांच्यावरही टाकली.

या विचाराला एक मोठी मर्यादाही होती. घरात आपसूक रुळलेल्या हातांच्या खुणा मुलाशी वापरू नयेत, असे त्यांचे मत होते. आज चिन्हभाषांना स्वतंत्र व्याकरण असलेल्या पूर्ण भाषा मानले जाते, त्यामुळे हे मत मागे पडले आहे. शिवाय हे शिक्षण त्या काळी बहुतांशी धनिक घराण्यांपुरतेच होते.

श्रेयाचा वाद
करपल्लवी ही बोनेत यांची स्वतःची निर्मिती नव्हे. मेल्चोर दे येब्रा या फ्रान्सिस्कन साधूच्या इ.स. १५९३ मध्ये छापलेल्या पुस्तकात तशीच वर्णमाला आढळते. अठराव्या शतकात फेइहो या स्पॅनिश विद्वानाने मूकबधिर शिक्षणाचे श्रेय पोन्से यांना दिले व बोनेत यांच्यावर उचलेगिरीचा आरोप केला. लुईसला प्रत्यक्ष शिकवण्यात रामीरेस यांचा वाटा मोठा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही तोवर काही शिक्षकांपुरतीच राहिलेली विद्या सर्वांसाठी छापून खुली करण्याचे श्रेय बोनेत यांच्याकडेच राहते.

प्रभाव
लुईस दे वेलास्को पुढे फ्रेस्नोचा मार्क्विस झाला. इ.स. १६२३ मध्ये माद्रिदला आलेल्या केनेल्म डिग्बी या इंग्रज गृहस्थाने त्याचे बोलणे ऐकून ती हकीकत नंतर लिहून ठेवली. अठराव्या शतकात ही वर्णमाला फ्रान्समध्ये पोहोचली आणि तेथून इ.स. १८१७ मध्ये हार्टफर्ड येथे स्थापन झालेल्या शाळेद्वारे अमेरिकेत रुजली. आज अमेरिकेत स्थायिक झालेल्या स्पॅनिशभाषक कुटुंबांतील कर्णबधिर मुले शाळेत जी एकहाती करपल्लवी शिकतात, तिचा उगम त्यांच्या आईवडिलांच्याच भाषेतील या ग्रंथापर्यंत जातो. भारतीय चिन्हभाषेत मात्र इंग्रजी अक्षरांसाठी प्रामुख्याने दोन्ही हातांची, ब्रिटिश वळणाची पद्धत रूढ आहे.