कापूरहोळची दूधआई धाराऊ

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर भोरचा फांटा जेथें फुटतो, तें कापूरहोळ गांव आमच्या पुष्कळ वाचकांनीं गाडीच्या खिडकींतून पाहिलें असेल. एका बाजूस पुरंदर व दुसऱ्या बाजूस राजगड, अशा दोन गडांच्या मध्यें वसलेल्या ह्या गांवची धाराऊ गाडे. तिचेंच चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ता. १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर शिवाजी महाराजांच्या राणी सईबाई ह्यांस पुत्र झाला. तेच पुढें छत्रपति संभाजी महाराज. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृति खालावली व त्यांच्यानें बाळास पाजवेना. आजच्या मुलांस ही अडचण क्षुल्लक वाटेल. त्या काळीं ती जिवावरची होती. उन्हाळ्यांत दूध कांहीं तासांतच नासतें, कारण त्यांतील सूक्ष्म जंतु उष्णतेनें झपाट्यानें वाढतात. गडावर ना बर्फ, ना फ्रीज. तापविलें तरी गाईचें दूध नवजात बालकाच्या पोटास मानवत नाहीं. तेव्हां जें सांठवावेंच लागत नाहीं असें दूध हवें होतें, आणि तें धाराऊनें दिलें.

तिनें युवराजांस अंगावर पाजिलें, म्हणून तिला दूधआई म्हणतात. अंगावर दूध असलेली स्त्री म्हणजे जिच्या स्वतःच्या पदरीं तान्हें आहे अशी; हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या उपकाराचें मोल कळतें. इतिहासांत तिच्या वाट्यास ओळी थोड्याच आल्या, ह्याची आम्हांस खंत वाटते.

ता. ५ सप्टेंबर १६५९ रोजीं सईबाई राजगडावर निवर्तल्या. युवराज तेव्हां अडीच वर्षांचेही नव्हते. पुढें आजी जिजाबाईंनीं त्यांस वाढविलें. धाराऊचे पुत्र अंतोजी व रायाजी हे त्यांच्या सोबतीस राहिले. दुधाचें नातें दूध तुटल्यावरही सुटलें नाहीं.

धाराऊचें काम आज थंडीच्या साह्यानें कसें होतें, तेंही सांगितलें पाहिजे. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं मातृदुग्धपेढी निघाली. आशियांतील ती पहिली. मातांनीं दान केलेलें दूध अशा पेढींत ६२.५ अंश सेंटिग्रेडवर ३० मिनिटें तापवून, मग उणे २० अंशांवर गोठवून ठेवितात, व ज्यांच्या मातांस दूध नाहीं अशा अशक्त बालकांस देतात.

घरींही हें साधतें. आईनें स्वच्छ भांड्यांत काढलेलें दूध २५ अंशांपर्यंतच्या उष्णतेंत सुमारें ४ तास, व फ्रिजमध्यें ४ अंशांवर ४ दिवस टिकतें. मात्र तें दाराच्या कप्प्यांत ठेवूं नये. दार उघडतांच तेथें ऊब शिरते. आंत, मागील बाजूस, झांकण लावून व तारीख लिहून ठेवावें. कामावर जाणाऱ्या मातेनें सकाळीं ठेविलेलें दूध सायंकाळीं आजी बाळास पाजूं शकते. पाजतांना भांडें कोमट पाण्यांत धरावें. विस्तवावर ठेवूं नये, व उरलेलें पुन्हां फ्रिजमध्यें घालूं नये.