वेदनेची वाट अडवणारा शल्यविशारद

सिझेरियनच्या वेळी पाठीत एक इंजेक्शन दिले जाते, कमरेखालचा भाग बधिर होतो आणि आई जागेपणीच बाळाचे पहिले रडणे ऐकते. कर्करोगाच्या असह्य वेदनांनी ग्रासलेल्या रुग्णालाही याच वाटेने अफूपासून मिळणारे मॉर्फीन देता येते. शस्त्रक्रियेसाठी ही वाट खुली केली ती जर्मन शल्यविशारद ऑगस्ट बीर यांनी.

वाल्डेक संस्थानातील हेल्सेन येथे २४ नोव्हेंबर १८६१ रोजी बीर यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर कील येथे नामवंत शल्यचिकित्सक फ्रिडरिश फॉन एस्मार्ख यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. त्या काळी मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरोफॉर्म किंवा इथर हुंगवून रुग्णाला बेशुद्ध करीत. ही भूल अनेकांना सोसत नसे. काही जण त्यातच दगावत. कीलमधीलच हाइन्रिख क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढण्याची पद्धत १८९१ मध्ये मांडली होती. त्याच मार्गाने औषध आत सोडले, तर रुग्णाला बेशुद्ध न करता वेदना रोखता येईल, असा विचार बीर यांनी केला.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांनी ३४ वर्षांच्या एका मजुराच्या पाठीत १५ मिलिग्रॅम कोकेन टोचले. क्षयाने पोखरलेल्या त्याच्या घोट्यावरील शस्त्रक्रिया वेदनेविना पार पडली. नंतर मात्र डोकेदुखी व उलट्यांनी तो हैराण झाला. पुढील काही रुग्णांनाही असाच त्रास झाला. त्याचे कारण शोधण्यासाठी २४ ऑगस्टला बीर यांनी सहायक हिल्डेब्रांट यांच्याकडून स्वतःच्याच पाठीत सुई टोचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसली नाही, औषध सांडले आणि मज्जारज्जूभोवतीचा बराच द्रव वाहून गेला. तेव्हा हिल्डेब्रांट पुढे झाले. त्यांना ५ मिलिग्रॅम कोकेन टोचल्यावर बीर यांनी त्यांच्या मांडीत सुई खुपसली, पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला. तरी वेदना झाली नाही. बधिरता सुमारे ४५ मिनिटे टिकली. मग दुखणे सुरू झाले. उठून बसताच डोके ठणकत असल्याने बीर यांना ९ दिवस अंथरुणात काढावे लागले.

१८९९ मधील निबंधात त्यांनी यशाइतक्याच तपशिलाने हा त्रासही नोंदवला. कोकेन विषारी असल्याने या पद्धतीचा सरसकट वापर करण्यास ते बिचकत होते.

१९०७ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९०८ मध्ये हात किंवा पाय आवळून बांधून शिरेतून बधिर करण्याची त्यांची पद्धत पुढे आली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांना पोलादी शिरस्त्राण मिळावे, यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. १९३७ मध्ये नाझी राजवटीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांनी स्वीकारला, ही नोंदही त्यांच्या चरित्रात आहे. उत्तरायुष्यात ते साऊएन येथे रेताड जमिनीवर मिश्र जंगल वाढवण्यात रमले. तेथेच १२ मार्च १९४९ रोजी त्यांचे निधन झाले.

रोमानियाचे शल्यचिकित्सक राकोविचानु-पितेश्ती यांनी कोकेनसोबत मॉर्फीनही मज्जारज्जूभोवती दिल्याचा अनुभव १९०१ मध्येच पॅरिसला मांडला होता. पण तो मागे पडला. १९७६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मॉर्फीन थेट मज्जारज्जूवर परिणाम करते, हे सिद्ध झाले. १९७९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कर्करोगाच्या रुग्णांवर त्याचा यशस्वी वापर केला. तोंडावाटे ३०० मिलिग्रॅम मॉर्फीन जे काम करते, त्यासाठी येथे साधारण १ मिलिग्रॅम पुरते. कोकेनप्रमाणे पाय लुळे पडत नाहीत. वेदना तेवढी शमते. दीर्घकाळ गरज असल्यास पोटाच्या त्वचेखाली बसवलेला छोटा पंप हे औषध पोहोचवत राहतो.

धोका मात्र टळलेला नाही. औषध दिल्यावर कित्येक तासांनीही श्वास मंदावू शकतो, म्हणून रुग्णावर नजर ठेवावीच लागते. वेदना थांबली म्हणजे वैद्याचे काम संपले असे नाही, हे बीर यांनी त्या ९ दिवसांत स्वतः अनुभवले होते.