लग्नात अक्षरओळखही नव्हती, त्याच रमाबाईंनी विधवांना नर्सिंगमध्ये करिअर करायचा रस्ता दाखवला

'उंच माझा झोका' मालिकेमुळे रमाबाई रानडे घराघरात पोहोचल्या. पण त्यांची ओळख न्यायमूर्तींची पत्नी एवढ्यावरच थांबते. खरं तर आजाऱ्यांची सेवा करणं हे बाईसाठी शिकून घेण्याचं आणि पगार मिळवून देणारं काम आहे, हे पुण्यात रुजवणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव फार वरचं आहे.

देवराष्ट्रे हे त्यांचं जन्मगाव, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. माहेर कुर्लेकरांचं. १८७३ साली ११ व्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. नवरा ३१ वर्षांचा, हायकोर्टाच्या न्यायमूर्तीपदापर्यंत पोहोचणारा विद्वान. बायकोला मात्र अक्षरओळखही नव्हती.

शिक्षण सुरू झालं, घरात वादळ उठलं

न्यायमूर्तींनी स्वतः धडे द्यायला सुरुवात केली. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांना हे अजिबात पटलं नाही. टोमणे, अबोला, सगळं झालं. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि पुस्तकही खाली ठेवलं नाही. मुलींच्या हायस्कूलसाठी भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरसमोर इंग्रजी मानपत्र वाचून दाखवलं. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागा शाळा सुरू झाली.

१९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. पदरी मूल नव्हतं. काही काळ त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. नंतर मात्र मुंबई-पुण्यात बायकांना एकत्र आणायला त्यांनी सुरुवात केली.

सेवासदनाचा फॉर्म्युला काय होता?

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, अध्यक्ष रमाबाई. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचं सेवासदन उभं राहिलं.

त्या काळात विधवा बाईसमोर फारसे पर्याय नव्हते. दीराच्या नाहीतर भावाच्या घरी चूल सांभाळायची, मिळेल ते खायचं. तिला नुसती मदत दिली तर ती पुन्हा तिथेच परत जाणार, हे रमाबाईंना दिसत होतं. म्हणून सेवासदनात पायऱ्या होत्या. आधी लिहिणं-वाचणं. मग शिवणकाम, शिक्षिकेचं ट्रेनिंग किंवा नर्सिंग. आणि शेवटी नोकरी.

सगळ्यात अवघड पायरी नर्सिंगची होती. परक्या पुरुषाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, रात्रपाळी करायची. चांगल्या घरातल्या बायकांचं हे काम नाही, असाच समज होता. ससून हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगची सोय झाली, पण मुली पाठवायला घरचे तयार होईनात. तिथे रमाबाईंचं नाव कामी आलं. न्यायमूर्तींच्या पत्नी स्वतः लक्ष घालतायत म्हटल्यावर घरच्यांचा विरोध नरमू लागला. मुलींसाठी वसतिगृहही झालं, त्यामुळे राहायचं कुठे हा प्रश्न सुटला. नर्सिंगपाठोपाठ सुईणीच्या कामाचं शिक्षणही मिळू लागलं.

मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं आणि बायकांना मताचा हक्क मिळावा, यासाठीही त्या लढल्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६२ साली पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

सेवासदन पुण्यात आजही सुरू आहे. अंगावर पांढरा गणवेश घालून ड्यूटीवर निघालेली नर्स आता कुणाला नवल वाटत नाही. ते नवल संपवण्यात रमाबाईंचा मोठा वाटा आहे.