डॉ. वसंत रामजी खानोलकर

खेळतांना एकदांहि गुडघा फुटला नाहीं असा विद्यार्थी आमच्या वाशीम जिल्ह्यांत शोधूनहि सांपडणार नाहीं. जखमेवर खपली धरते, कांहीं दिवसांनीं ती गळते आणि खालीं नवी कातडी दिसूं लागते. या नित्याच्या नवलाकडे आम्ही ढुंकूनहि पाहत नाहीं. परंतु मृत पेशींची जागा नव्या पेशी घेतात हा व्यवहार बिघडला म्हणजे मनुष्याचा घात कसा होतो, याचा शोध ज्यांनीं आयुष्यभर घेतला, त्या डॉ. खानोलकरांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजीं झाला. १९२३ सालीं त्यांनीं लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रांतील एम्. डी. ही पदवी मिळविली. विलायतेची पदवी घेतलेल्या डॉक्टरास स्वतःचा दवाखाना थाटणें कांहीं कठीण नव्हतें. पण त्यांनीं अध्यापनाचा आणि सूक्ष्मदर्शक यंत्राचा मार्ग पत्करला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत व सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत त्यांनीं विकृतिशास्त्र शिकविलें.

त्यांच्या कार्याचें मर्म कळण्यास पेशींचा थोडा परिचय हवा. आपल्या रक्तांतील तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. आंतड्याच्या अस्तरांतील पेशी ३ ते ५ दिवसांतच गळून पडते. कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरांत बदलतो. मेंदूंतील बहुतेक पेशी मात्र जन्मभर त्याच राहतात. घर्षणानें व पाचक रसांनीं झिजलेली पेशी ठेवून शरीराचें काम चालत नाहीं; बिघडलेली पेशी तर धोक्याचीच. म्हणून ती स्वतःच आपला कारभार शिस्तीनें आटोपते. १९७२ सालीं शास्त्रज्ञांनीं या मरणास जें नांव दिलें तें ग्रीक भाषेंतील पानगळीच्या शब्दावरून घेतलेलें आहे. माळावरचा पळस पानें टाकतो तो मरण्यासाठीं नव्हे. गर्भांतील बाळाच्या बोटांमधल्या पेशी मरतात, म्हणूनच तीं बोटें सुटीं होतात.

नवी पेशी ही जुन्या पेशीचीच नक्कल होय. नकला करतांना चुका होतात. एकाच जागीं वर्षानुवर्षें इजा होत राहिली, तर नकला वाढतात आणि त्यांबरोबर चुकाहि वाढतात. अखेर एखादी पेशी मरण्याचें विसरते व वाढतच जाते. यालाच आम्ही कर्करोग म्हणतों.

१९४१ सालीं परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. खानोलकरांकडे आली. रोग्याच्या शरीराचा तुकडा तपासून ते थांबले नाहींत. रोगी काय नेसतो, काय चघळतो, याकडेहि त्यांनीं लक्ष पुरविलें. रूढी आणि कर्करोग यांचा संबंध दाखविणारा निबंध त्यांनीं एका सहकाऱ्यासह १९४५ सालीं प्रसिद्ध केला. कमरेस रोज एकाच जागीं धोतर घट्ट कसल्यानें कातडी घासून तेथें होणारा कर्करोग त्यांनीं जगापुढें मांडला. तंबाखू व चुना ओठांत धरून ठेवल्यानें होणाऱ्या कर्करोगाचेंहि त्यांनीं वर्णन केलें. तंबाखूंतील विषें तर पेशीच्या मूळ लेखावरच घाव घालतात. जो रोग संवयीनें जडतो तो संवय सोडल्यानें पुष्कळ अंशीं टळूं शकतो, ही आशा या संशोधनानें दिली.

१९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें. त्याचे ते पहिले संचालक. डॉ. कमल रणदिवे यांनीं पेशी कांचपात्रांत वाढविण्याची प्रयोगशाळा तेथेंच उभारली. कुष्ठरोगाचे जंतु मज्जातंतूंत कसे शिरतात, याचाहि डॉ. खानोलकरांनीं अभ्यास केला. त्यांस पद्मभूषण मिळालें आणि १९६० ते १९६३ या काळांत ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आमच्या गांवांत वडीलधाऱ्यांच्या चंचीला अजून मान आहे. त्यांच्यापुढें बोलणें आम्हांस अवघड जातें, हें आम्ही जाणतों. तथापि तोंडांतील जखम दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाहीं तर डॉक्टरांस दाखवावी, एवढें तरी प्रत्येक विद्यार्थ्यानें घरीं सांगावें. शरीर आपली डागडुजी रात्रंदिवस करीत असतें. त्यास रोज नवी जखम न देणें हें आमच्या हातीं आहे. डॉ. खानोलकरांचें स्मरण याहून चांगल्या रीतीनें होणार नाहीं.