रँग्लर परांजपे : पुण्यापासून लखनौपर्यंत

लखनौच्या जानकीपुरम भागात सीतापूर रस्त्यालगत लखनौ विद्यापीठाचा नवा परिसर आहे. मूळ विद्यापीठ गोमतीकाठच्या बादशाहबागेतले, 1920 च्या कायद्याने स्थापन झालेले. त्याच्या कुलगुरूपदी 1932 ते 1938 अशी सहा वर्षे एक मराठी गणिती होता, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म 16 फेब्रुवारी 1876 रोजी दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यात झाला. नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईस आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले आणि 1899 साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत बर्टविसल या विद्यार्थ्याच्या बरोबरीने पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. त्या काळी अशा माणसास मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. परंतु ते पुण्यास परतले आणि 1902 पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून अल्प वेतनावर सुमारे वीस वर्षे शिकवीत राहिले. त्यांची खरी थोरवी परीक्षेतल्या क्रमांकापेक्षा या निर्णयात आहे, असे आम्हांस वाटते.

1921 मध्ये ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री झाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे गोखल्यांचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात पूर्वीच फेटाळले गेले होते. परांजप्यांच्या कारकिर्दीत 1923 चा प्राथमिक शिक्षण कायदा झाला व स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची वाट मोकळी झाली. वर्गातला शिक्षक सरकारी खुर्चीवर बसल्यावर बहुधा शाळा विसरतो. येथे तसे झाले नाही. त्यानंतर 1927 ते 1932 ते लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलचे सभासद होते आणि तेथून थेट लखनौस आले.

लखनौचे नाव निघाले की आपणांस इझाबेला थोबर्न आठवतात. अमेरिकेतील ओहायो राज्याची ही शिक्षिका 1870 साली अमीनाबादच्या बाजारात सहा मुली घेऊन बसली. त्या शाळेचे पुढे महिला महाविद्यालय झाले व ते लखनौ विद्यापीठाशी जोडले गेले. परांजप्यांकडे आले ते असे विद्यापीठ. ते स्वतः कट्टर विवेकवादी, कोणत्याच धर्माला न मानणारे. आपल्या श्रद्धेशी त्यांचे जमण्यासारखे नव्हते, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. तथापि प्रत्येक मुलाला अक्षर मिळावे ही त्यांची तळमळ मिशन शाळांच्या तळमळीहून फार वेगळी नव्हती.

1942 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. 1944 ते 1947 ते ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते. नात सई तेव्हा लहानपणी त्यांच्यासमवेत तेथे राहिली. विश्रांतीच्या वयात, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद स्वीकारले आणि ते 1959 पर्यंत सांभाळले. 6 मे 1966 रोजी त्यांचे निधन झाले.