रेषांच्या चित्रकार : नसरीन मोहमदी

नसरीन मोहमदी या भारतातील थोर चित्रकार होत्या. त्यांचा जन्म १९३७ साली कराची येथे झाला. त्या लहान असतानाच त्यांची आई वारली. १९४४ साली त्यांचे कुटुंब मुंबईला आले. पुढे लंडन व पॅरिस येथे त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले.

सुरुवातीच्या त्यांच्या चित्रांत झाडे, वेली यांचे आकार दिसत. समुद्राच्या लाटा, वाळू, ऊन आणि सावली त्या बारकाईने पाहत. त्यांची छायाचित्रेही घेत. हळूहळू चित्रांतील वस्तू नाहीशा झाल्या. उरल्या फक्त रेषा. अशा चित्रांना अमूर्त चित्रे म्हणतात.

१९७२ पासून त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकवू लागल्या. पुढे त्यांना मज्जासंस्थेचा आजार जडला. शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटू लागला. तरीही पट्टी व लेखणी घेऊन त्या अतिशय बारीक आणि अचूक रेषा काढीत राहिल्या.

१९९० साली रायगड जिल्ह्यातील किहीम या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले.

मुलांनो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात समुद्र नाही. पण उसाच्या शेतातील सऱ्या आहेत, पिंपळाच्या पानावरील शिरा आहेत. त्या नीट पाहा. मग पान न काढता फक्त त्याच्या शिरांच्या रेषा कागदावर काढा. तेही तुमचे अमूर्त चित्रच होईल.