महाद्वाराची पायरी : श्रीनामदेवचरित्र आणि आपले संघकार्य

हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नर्सी हे गाव श्रीनामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून आपल्या ज्ञातीस परमपूज्य आहे. परंपरेप्रमाणे शके ११९२ मध्ये, म्हणजे इ. स. १२७० साली, दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. कुळाचा व्यवसाय शिंप्याचा; वस्ती पुढे पंढरपुरास झाली. परंतु कपड्याच्या मापापेक्षा विठ्ठलनामाचीच गोडी त्यांस अधिक लागली.

औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांस गुरूपदेश केला. त्याच देवळापुढे कीर्तन चालू असता त्यांस मागल्या बाजूस घालविण्यात आले व देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा प्रसिद्ध आहे. चमत्कार बाजूस ठेवला, तरी दारातून उठविलेल्या माणसाचे दुःख लोकस्मृतीने या कथेत जपले आहे, हे मान्य करावे लागेल.

हे दुःख नामदेवांनी केवळ स्वतःपुरते मानले नाही. गंगाखेडची जनाबाई त्यांच्या घरी दासी म्हणून वाढली आणि तेथेच अभंगकर्ती झाली. इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा व त्यांचे सोबती मजूर गाडले गेले. नामदेवांनी तेथे जाऊन चोखोबांच्या अस्थी शोधून आणल्या व पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. पुढे ते पंजाबात गेले. घुमान येथे त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य झाले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. इ. स. १३५० मध्ये त्यांनी देह ठेवला, असे मानतात. महाद्वाराची पहिली पायरी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या चरित्रातून आम्ही दोन बोध घेतो. जनाबाई व चोखोबा यांच्या वतीने नामदेव बोलले नाहीत. त्यांची वाणी त्यांच्याच मुखी राहिली, नामदेवांनी तिला जागा करून दिली. हा पहिला बोध. दुसरा अधिक कठोर आहे. चोखोबांची समाधी दाराबाहेरच राहिली. ते दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या कलमान्वये अस्पृश्यताच नष्ट केली. एका संताच्या प्रेमास जे साधले नाही, ते संघटित लोकमताने व कायद्याने साधले.

ज्ञातिसंस्थेचे प्रयोजन येथेच आहे. लोकशाहीत निवेदन व शिष्टमंडळ ही आपली साधने होत. परंतु ज्यांचे दुकान मोठे, त्यांचीच गाऱ्हाणी निवेदनात उतरली, तर ते समाजाचे प्रतिनिधित्व कसे म्हणावे? तयार कपड्यांच्या बाजारामुळे ज्याचे हातचे काम गेले तो कारागीर, नगावर मजुरी घेऊन घरी शिवणारी भगिनी, वसतिगृहाअभावी शिक्षण सोडणारा खेड्यातील मुलगा, यांस आधी विचारावे. शिष्टमंडळात त्यांस पुढे बसवावे. तसेच आपल्याहून अधिक उपेक्षित अशा अन्य ज्ञातींच्या न्याय्य मागणीस पाठिंबा द्यावा. आपल्या लाभाआड येते म्हणून ती अडविणे नामदेवांच्या लेकरांस शोभणार नाही.

आत गेलेल्याने बाहेर राहिलेल्यास विसरू नये, हीच त्या पायरीची शिकवण होय. वार्षिक सभेत कार्यकारी मंडळ निवडताना सभासद कुटुंबांनी ती ध्यानी धरावी, अशी आमची नम्र विनंती आहे.